खाडीपलीकडचें राज्य



केळशीहून उत्तरेस निघून भारजेची खाडी मागें टाकली आणि वेसवीच्या धक्क्यावर येऊन उभें राहिलें, म्हणजे समोर सावित्री नदीचें रुंद मुख दिसतें. यालाच आम्ही बाणकोटची खाडी म्हणतों. पैलतीरावर बागमांडलें, त्याच्यापुढें हरिहरेश्वर, आणि आणखी उत्तरेस श्रीवर्धन. मोटारी, फटफट्या, आंब्याच्या पेट्या आणि माणसें घेऊन फेरीबोट येथें दिवसभर ये-जा करीत असते. गेल्या माघांत मी हरिहरेश्वरास गेलों, तेव्हां तिकिटाच्या खिडकींतील तरुणानें मला एवढेंच विचारलें कीं, "गुरुजी, गाडी आहे कीं नुसतेच?" नांव, गांव, जात, कोणाकडे जातां, किती दिवस राहणार, यांपैकीं एकहि प्रश्न त्यानें केला नाहीं; आणि तो कोणी कां करीत नाहीं, हा विचार माझ्याहि मनांत त्या वेळीं आला नाहीं.

माझे वडील मात्र श्रीवर्धनास निघाले कीं शेवटपर्यंत "हबसाणांत जाऊन येतों" असेंच म्हणत. संस्थान बुडून पंचवीस-तीस वर्षें लोटलीं होतीं, तरी हा शब्द त्यांच्या तोंडून गेला नाहीं. लहानपणीं मला वाटे, हबसाण म्हणजे कांहीं तरी फार दूरचें असावें. तें खाडीच्या पलीकडे आहे, हें कळल्यावर माझी थोडी निराशाच झाली होती. आज मला त्या शब्दाविषयीं आणि त्यामागच्या एका हक्काविषयीं आपणांशीं बोलावयाचें आहे. हा हक्क आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं तो हक्क आहे हेंच आपल्या ध्यानीं राहत नाहीं.

हबसाण म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख. मुरुडसमोरच्या समुद्रांतील किल्ला हें त्याचें मूळ ठाणें. श्रीवर्धन-म्हसळ्याचा प्रदेश त्याचा. सारा विस्तार सुमारें सव्वातीनशें चौरस मैलांचा. खाडीच्या अलीकडच्या बाजूस बाणकोटचा किल्ला. १७५६ च्या तहानें पेशव्यांनीं तो इंग्रजांस दिला, आणि महाराष्ट्राच्या मुख्य भूमीवर इंग्रजांच्या पदरांत पडलेली ही पहिलीच जागा. त्यांनीं तिला फोर्ट व्हिक्टोरिया असें नांव दिलें. १८१८ त पेशवाई संपली आणि आमचा सारा दक्षिण तीर कंपनीच्या अमलाखालीं आला. उत्तर तीर मात्र सिद्दीकडेच राहिला. तो थेट १९४८ सालीं जंजिरा संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन होईपर्यंत. एकाच नदीचे दोन कांठ, एकच भाषा, तेच माड, तीच पोफळ, सोयरीकसुद्धां एकमेकांत. पण एका कांठावर मुंबई सरकारचा कायदा आणि दुसऱ्यावर नबाबाचा हुकूम.

यांत एक गंमत अशी होती कीं, आमच्या लोकांना मुंबई परकी नव्हती. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबई शहरांत रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलीं माणसें दोन लाखांहून अधिक निघालीं. गलबतांतून, पुढें आगबोटींतून गेलेला आमचा गिरणीकामगार शंभर मैलांवर उतरला तरी त्याच सरकारचा प्रजाजन राही. तोच खाडी ओलांडून घटकाभरांत पलीकडे गेला, कीं दुसऱ्याच्या राज्यांत शिरे.

ही खाडी ओलांडण्याला कधीं कधीं फार मोठा अर्थ आला आहे. श्रीवर्धनचे देशमुख भट यांच्यावर सिद्दीची इतराजी झाली, तेव्हां बाळाजी विश्वनाथ जीव वांचविण्यासाठीं घर सोडून निघाले, आणि अलीकडच्या वेळासच्या भानु घराण्यानें त्यांना आसरा दिला, असें परंपरा सांगते. हेच बाळाजीपंत १७१३ त पेशवे झाले, आणि भानूंच्याच वंशांत नाना फडणीस निपजले. खाडीच्या एका कांठावर जे नकोसे झाले ते दुसऱ्या कांठावरून पुढें निघाले, आणि त्यांतून पुण्याचा इतिहास घडला. कोणत्याहि काळीं सीमा ओलांडणारा माणूस पुढें कोण होणार हें धक्क्यावरच्या शिपायास कळत नाहीं.

आतां असें समजूं नये कीं, संस्थानी सीमेवर चीनची भिंत उभी होती. वऱ्हाडें जात, यात्रेकरू जात, मासळी आणि सुपारी जाई. वडील सांगत कीं, त्यांना कोणी अडविल्याचें त्यांना आठवत नाहीं. परंतु जाऊं दिलें जाणें वेगळें आणि जाण्याचा हक्क असणें वेगळें. दरबारची मर्जी असेपर्यंत वाट मोकळी. मर्जी फिरली तर दाद कोणाकडे मागणार? हिंदुस्थानांत त्या वेळीं साडेपांचशेंहून अधिक संस्थानें होतीं, आणि आपापल्या हद्दींत कोणास ठेवावें, कोणास घालवावें हें बहुतेक ठिकाणीं दरबारच ठरवी. निजामाच्या राज्यांत तर, म्हणजे आपल्या मराठवाड्यांतहि, मुलकी आणि गैरमुलकी असा भेद होता. पंधरा वर्षें राज्यांत राहिल्यावांचून बाहेरच्यास सरकारी नोकरींत मुलकी म्हणून प्रवेश नसे. नगरचा मराठी माणूस पैठणांत परका, असा तो हिशेब.

इंग्रजी मुलखांत तरी काय होतें? १९१९ च्या एप्रिलांत गांधीजींना पंजाबांत जाऊं न देतां पलवलच्या स्टेशनवर गाडींतून उतरविलें आणि मुंबईस परत आणून सोडलें. त्याच महिन्यांत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन यांना बोटींत बसवून विलायतेस धाडून दिलें. हा गृहस्थ स्वतः इंग्रज! तेव्हां एका साम्राज्याची प्रजा असल्यानें त्या साम्राज्यांत फिरण्याचा हक्क मिळतो, ही समजूत सोयीची होती, खरी नव्हती.

मी येथवर राज्याराज्यांमधल्या सीमेविषयीं बोललों. परंतु आपल्या देशांत दुसरीहि एक सीमा होती. तिच्यावर नाका नव्हता, शिपाई नव्हता, आणि म्हणूनच ती ओलांडणें अधिक कठीण होतें. ती पाहण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. बाणकोटहून याच सावित्रीच्या पाण्यानें वर वर गेलें कीं दासगांव लागतें, आणि पुढें महाड.

महाडचें चवदार तळें सार्वजनिक पाणवठा होता. मुंबई कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं बोले यांचा ठराव संमत करून सरकारी व सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे करावे असें सांगितलें होतें, महाडच्या नगरपालिकेनेंहि तसा ठराव केला होता. परंतु ठराव कागदावर राहिला आणि तळें जसेंच्या तसें. १९२७ च्या मार्चच्या २० तारखेस डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी प्राशन केलें. त्यानंतर काय मारहाण झाली आणि तळें कसें 'शुद्ध' करण्यांत आलें, तें आपणांस ठाऊक आहे. त्याच वर्षीं डिसेंबरांत दुसऱ्या सत्याग्रहासाठीं ते मुंबईहून समुद्रमार्गानें आले आणि दासगांवच्या बंदरास उतरले. धरमतरच्या वाटेनें मोटारवाले आपणांस नेतील कीं नाहीं याचा भरंवसा नव्हता, असें कारण सांगतात. म्हणजे हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा पुढील शिल्पकार आमच्या या बाणकोटच्या खाडींतून वर गेला, आणि तोहि अशासाठीं कीं सडकेनें जातां येईल कीं नाहीं याची खात्री नव्हती. चवदार तळ्याचा दावा मुंबईच्या हायकोर्टापर्यंत जाऊन १९३७ च्या मार्चांत अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूनें निकाल लागला. दहा वर्षें लागलीं.

बाबासाहेबांनीं आपल्या अनुभवांची एक लहानशी टिपणवही इंग्रजींत लिहून ठेवली होती. तिला त्यांनीं दिलेल्या नांवाचा अर्थ 'व्हिसाच्या प्रतीक्षेंत' असा होतो. स्वदेशांत फिरणाऱ्या माणसास व्हिसा कशाला, असें आपणांस वाटेल. त्यांतील पहिली आठवण १९०१ मधील आहे. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ-भाच्यांसह वडिलांना भेटण्यास मसूर स्टेशनवर उतरतो. गाडीवान दुप्पट पैसे घेऊन आणि मुलांनींच गाडी हांकावी या अटीवर बैलगाडी देतो. रात्रीं जकातनाक्यावर तीं मुलें पाणी मागतात. तें मिळत नाहीं. शिदोरी असून रात्र उपाशी जाते, कारण घांस गिळण्यास घोटभर पाणी नाहीं. नाक्यावरील माणसानें गाडी अडविली नाहीं, हें लक्षांत घ्यावें. वाट मोकळीच होती.

दुसरी आठवण बडोद्याची. परदेशांत शिकून आलेला हा विद्वान १९१७ त बडोदें संस्थानांत नोकरीस गेला. श्रीमंत सयाजीरावांनींच त्यांना शिष्यवृत्ति देऊन पाठविलें होतें. दरबाराची सीमा त्यांच्यासाठीं उघडी होती. पण शहरांत राहण्यास जागा कोण देणार? पारशी नांव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमांत उतरले, आणि अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेले लोक दारांत उभे राहिले. राजा बोलावतो आणि नगर झोपूं देत नाहीं! संचाराच्या हक्काविषयीं मोठमोठ्या ग्रंथांत मीं जें वाचलें त्यापेक्षां या दोन आठवणींनीं मला अधिक शिकविलें. शाळेंत नागरिकशास्त्र शिकवितांना मी 'संचारस्वातंत्र्य' हा शब्द फळ्यावर लिहून पुढच्या हक्काकडे वळत असें. तीस वर्षें मीं तो धडा असा उरकला, हें सांगावयास मला संकोच वाटतो.

आंबडवें हें बाबासाहेबांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतलें. आमचा तालुका दापोली, तो शेजारचा. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानें प्रत्येक नागरिकास देशांत कोठेंहि निर्वेधपणें फिरण्याचा आणि कोठेंहि राहण्याचा किंवा कायमचें घर करण्याचा हक्क दिला. हें कलम एकट्या बाबासाहेबांचें नव्हे, घटनासमितीचें आहे. परंतु त्याच्या आधीं जें पंधरावें कलम येतें, ज्यानें दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तळीं, रस्ते धर्म-जातींच्या नांवावर कोणास बंद करतां येणार नाहींत असें सांगितलें, तें वाचलें कीं मसूरचा जकातनाका आणि महाडचें तळें डोळ्यांपुढें उभें राहतें. हीं दोन कलमें निरनिराळीं छापलेलीं आहेत, पण माझ्या समजुतीनें तीं एकाच प्रवासाचे दोन हिस्से आहेत. वाट मोकळी पाहिजे, आणि वाटेवर पाणीहि मिळालें पाहिजे.

आतां सरकारनें स्वतःच्या हातीं काय राखून ठेवलें, तें पाहूं.

आपल्या भाषेंत 'तडीस नेणें' म्हणजे काम पुरें करणें. होडी कांठाला लावणें हा त्याचा मूळ अर्थ. त्याच तडीवरून 'तडीपार' हा शब्द निघाला, आणि त्याचा अर्थ मात्र हद्दीबाहेर हांकलून देणें. या उलट प्रकार म्हणजे हद्दींतच कोंडून ठेवणें, आणि त्या कामीं आमच्या रत्नागिरीची मोठी ख्याति. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, येथेंच स्थानबद्ध होता. पुढें १९२४ त स्वातंत्र्यवीर सावरकरांना येरवड्याहून सोडतांना अट घातली गेली कीं, त्यांनीं रत्नागिरी जिल्ह्यांत राहावें, परवानगीवांचून बाहेर जाऊं नये, आणि राजकारणांत पडूं नये. मुदत पांच वर्षांची सांगितली. ती वाढवीत वाढवीत १९३७ पर्यंत नेली. रत्नागिरींत प्लेग आला तेव्हां नाशिकास जाण्यासाठींहि त्यांना सरकारची परवानगी घ्यावी लागली. आपलीं माणसें पोटासाठीं बाहेर धाडणारा हा जिल्हा, आणि सरकार बाहेरचीं माणसें आणून ठेवणार तेंहि येथेंच! एका जिल्ह्यांत कोंडलेल्या सावरकरांनीं मात्र त्या जिल्ह्यांतील दुसऱ्या प्रकारच्या सीमेला हात घातला. १९३१ त भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्यानें उभें राहिलेलें पतितपावन मंदिर सर्व जातींस खुलें झालें.

सावरकरांना दाद मागण्यास घटना नव्हती. पण घटना आल्यावर काय झालें? तिची शाई वाळते न वाळते तोंच, १९५० च्या मार्चअखेरीस, मध्यप्रांताचे माजी मुख्य प्रधान आणि त्या वेळचे हिंदु महासभेचे अध्यक्ष डॉ. ना. भा. खरे यांना दिल्लीच्या जिल्हाधिकाऱ्यानें तीन महिन्यांसाठीं दिल्ली जिल्ह्याबाहेर जाण्याचा हुकूम बजावला. आधार पूर्व पंजाबच्या १९४९ च्या सुरक्षा कायद्याचा. खऱ्यांनीं सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. संचाराच्या हक्काचा हा तेथील अगदीं आरंभींचा खटला. २६ मे रोजीं निकाल लागला तो तीन विरुद्ध दोन असा. सरन्यायाधीश कानिया यांच्या बाजूच्या बहुमतानें कायदा वाजवी ठरविला. न्यायमूर्ति मुखर्जी आणि महाजन यांचें मत उलट पडलें: प्रांतिक सरकारला वाटेल तितके दिवस माणसास हद्दपार ठेवतां येतें, आणि त्याचें म्हणणें ऐकून घेण्याची पुरेशी सोय नाहीं, तेव्हां असा निर्बंध वाजवी कसा? खऱ्यांचें राजकारण मला पटत नाहीं. पण ज्याचें राजकारण पटत नाहीं त्याच्याच बाबतींत हक्काची परीक्षा होते, आणि मी त्या न्यायासनावर असतों तर या दोघांबरोबर बसलों असतों. मॅट्रिक झालेल्या मास्तरानें सर्वोच्च न्यायालयावर मत द्यावें हा थोडा आगाऊपणा आहे. श्रोत्यांनीं तो पोटांत घालावा.

पुढें मुंबईचा १९५१ चा पोलीस कायदा आला. त्यांतील तडीपारीची कलमें न्यायालयानें १९५६ त ग्राह्य धरलीं. मात्र तींत मुदतीला मर्यादा आहे, ती फार तर दोन वर्षें. नोटीस द्यावी लागते, म्हणणें ऐकावें लागतें, वर अपील आहे. म्हणजे त्या दोन न्यायमूर्तींनीं जें मागितलें त्यांतलें बरेंचसें या कायद्यांत आहे.

हाच प्रश्न युरोपांत निराळ्या वेषानें उभा राहिला, आणि त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. दोन महायुद्धांत एकमेकांचीं शहरें जाळणाऱ्या देशांपैकीं सहा देशांनीं १९५७ त रोम येथें करार केला आणि एकमेकांच्या कामगारांना आपल्या मुलखांत येऊन काम करण्याची मोकळीक देऊं केली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनीं, १९८५ च्या जूनमध्यें, पांच देशांचे प्रतिनिधि मोझेल नदीवर एका बोटींत बसले आणि आपसांतील सीमांवरची तपासणी क्रमानें उठविण्याचें त्यांनीं ठरविलें. जवळचें गांव शेंगेन. तेथें फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या हद्दी नदीपाशीं एकत्र येतात. बाणकोटच्या खाडीवर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ही बोटीची गोष्ट विशेष आवडते.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते लक्झेंबर्गमधील युरोपीय न्यायालयाचे दोन निकाल. रुतिली नांवाचा एक इटालियन फ्रान्समध्यें राहत होता. कामगार चळवळींत वावरणारा. फ्रेंच सरकारनें त्याला चार जिल्ह्यांत राहण्यास बंदी केली. त्यांतला एक जिल्हा मोझेलच! १९७५ च्या ऑक्टोबरांत न्यायालयानें सांगितलें कीं, अशी बंदी त्या माणसाच्या स्वतःच्या वर्तनावरच आधारलेली पाहिजे, कारणें त्याला कळविलीं पाहिजेत, आणि ज्या परिस्थितींत स्वतःच्या नागरिकास फ्रान्स जिल्हाबंदी करूं शकतें त्याच परिस्थितींत शेजारच्या देशांतून आलेल्यास करावी. दिल्लीच्या खटल्यांत ज्या दोन न्यायाधीशांचा आवाज कमी पडला, तोच जणूं पंचवीस वर्षांनीं दुसऱ्या खंडांत बहुमत झाला. दुसरा निकाल १९८९ चा. पॅरिसच्या भुयारी रेल्वेस्थानकाबाहेर एका इंग्रज प्रवाशास मारहाण होऊन तो जखमी झाला. अशा पीडितांस फ्रेंच सरकार भरपाई देई, पण परक्यास देईना. न्यायालयाचें म्हणणें असें पडलें कीं, त्या माणसाला येथें येण्याचा हक्क आहे ना, मग येथल्या माणसाइतकें संरक्षण त्याला मिळणें हें त्या हक्कांतच येतें. मसूरच्या जकातनाक्यावर पाणी न मिळालेल्या मुलाची दाद येथें लागली, असें मला तो निकाल वाचतांना वाटलें.

युरोपाचें कौतुक मी अमर्याद करीत नाहीं. तेथील नागरिक परक्या देशांत तीन महिन्यांहून अधिक राहूं लागला कीं, काम, पैसा किंवा शिक्षण यांपैकीं कांहीं तरी दाखवावें लागतें. आपल्या घटनेनें तशी अट घातलेली नाहीं. फाटका माणूस बिहारांतून निघून रत्नागिरींत घर करूं शकतो. त्या बाबतींत आपला हक्क मोठा आहे. आणि आपल्या शेजारच्या गोमंतकानें या दोन्ही जगांना जोडणारी एक विलक्षण वाट काढली: १९ डिसेंबर १९६१ पूर्वीं पोर्तुगीज अमलांत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचें नागरिकत्व घेतां येतें, आणि त्या पारपत्रावर हजारों गोमंतकीय इंग्लंडांत जाऊन राहिले. स्विंडन नांवाच्या गांवीं त्यांची मोठी वसाहत आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजीं इंग्लंडनें नव्यानें येणाऱ्यांसाठीं ती वाट बंद केली.

तें २०२० सालच तसें होतें. मार्चमध्यें महामारीमुळें सारा देश जागच्या जागीं थांबला. जर्मनीनें लक्झेंबर्गच्या हद्दीवर पुन्हां तपासणी सुरू केली. म्हणजे त्याच मोझेल नदीवर पुन्हां पोलीस आले. आपल्याकडे एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत जाण्यास पास लागूं लागला. वेसवीचा धक्का ओस पडला, आणि बाणकोटची खाडी सत्तर-बहात्तर वर्षांनीं पुन्हां सीमा झाली. रोगाला आवर घालणें अवश्य होतें, याविषयीं माझ्या मनांत संशय नाहीं. पण त्या दिवसांत मीं स्वतः काय केलें तें सांगतों.

आमच्याकडील एका वाडीच्या वेशीवर बांबू आडवा टाकला होता, आणि येणाऱ्यांची वही लिहिण्याचें काम, अक्षर बरें म्हणून, माझ्याकडे आलें. मीं रकाने आंखले: नांव, कोठून आला, केव्हां आला, आणि 'गांवचा कीं परगांवचा'. हा चौथा रकाना मला कोणी सांगितला नव्हता. तो माझ्याच डोक्यांतून निघाला. सड्यावरच्या चिरेखाणींत परप्रांतांतील कांहीं मजूर कुटुंबें अडकलीं होतीं. दरवर्षीं तीं पावसाआधीं परत जात. त्या वर्षीं जाण्यास वाहन नव्हतें. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनापाशीं किनाऱ्याला लागलें, आणि खाडीच्या दोन्ही कांठांवरच्या बागा त्यानें सारख्याच आडव्या केल्या. त्या मजुरांच्या झोंपड्यांचे पत्रे उडाले. त्यांतला एकजण बायकापोरांसह वेशीवर आला आणि शाळेच्या पडवींत राहूं द्या म्हणून विनवूं लागला. शिधापत्रिका मुलुखांत म्हाताऱ्या आईजवळ राहिलेली. मीं वही उघडली, 'परगांवचा' असें लिहिलें, आणि समितीचा निर्णय होईपर्यंत थांबा म्हणून सांगितलें. पाऊस पडत होता. निर्णय व्हावयास संध्याकाळ झाली. पडवी मिळाली खरी, पण तोंवर तीं मुलें बांबूच्या पलीकडे भिजत उभीं होतीं. मीं त्यांना पाणीसुद्धां विचारलें नाहीं. मसूरची गोष्ट मला तेव्हां पाठ होती.

गणेशचतुर्थी त्या वर्षीं २२ ऑगस्टला होती. मुंबईचे चाकरमानी दहा दिवस आधीं येऊन विलग राहण्याच्या तयारीनें आले. त्यांत माझा पुतण्या होता. जन्म केळशीचा, नाळ येथेंच पुरलेली. त्याचें नांव लिहितांना माझी लेखणी चौथ्या रकान्यापाशीं थांबली. तो म्हणाला, "काका, लिहा काय लिहायचं तें, मी मागच्या पडवींत झोपतों." मीं तो रकाना कोरा ठेवला, आणि मग मागचीं पानें उलटून पाहिलीं, तर तेथें एकहि कोरा नव्हता.

२ सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जाण्यास पास लागेनासा झाला. वही माझ्या कपाटांत आहे. बांबू पुढच्या पावसाळ्यांत पडवळाच्या मांडवाला लागला. चिरेखाणीवरचा तो मजूर त्या दिवाळीनंतर परत कामास आला; मला रस्त्यांत ओळखून त्यानें नमस्कार केला, आणि मुलें बरीं आहेत असें सांगितलें.